अंबरनाथचे देऊळ, ओली काच आणि फोटोची साक्ष

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्थानके मागे टाकली की अंबरनाथ येते. स्थानकाच्या पूर्वेला, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडातले शिवमंदिर उभे आहे. ठाण्याच्या शिलाहार राजांच्या काळातले हे मंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास पूर्ण झाले. ठाणे जिल्ह्यातील शाळांच्या सहली इथे नेहमी येतात. मुले मूर्ती पाहतात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातात, शिखराचा वरचा भाग कुठे गेला असे विचारतात.

१८६८ साली या मंदिराकडे एक वेगळीच सहल आली होती. भारत सरकारने त्या सुमारास देशातल्या महत्त्वाच्या जुन्या इमारतींची चित्रे, छायाचित्रे आणि साचे तयार करून घेण्याचे ठरवले. मुंबई इलाख्यात या कामासाठी अंबरनाथची निवड झाली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली एक तुकडी इथे काम करू लागली. आराखडे काढणारे, चित्रे काढणारे, मूर्तींचे साचे घेणारे लोक तीत होते. छायाचित्रेही काढली गेली. या कामातून तयार झालेली काही चित्रे १८७४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात शिळाछापाने प्रसिद्ध झाली.

चित्रकार असताना कॅमेरा कशाला आणि कॅमेरा असताना चित्रकार कशाला, असा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याला पडेल. चित्रकाराचा हात चुकतो, कॅमेरा चुकत नाही, हे त्याचे नेहमीचे उत्तर. आम्हांला ते अपुरे वाटते. त्या काळचा कॅमेरा काय पाहू शकत होता, काय पाहू शकत नव्हता आणि तो कुणाच्या पैशाने कुठे पोचत होता, हे समजल्याशिवाय जुन्या फोटोची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. या लेखात ही साक्ष तपासून पाहू.

मुंबईतला फोटोंचा बाजार

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे, त्याची दुसरी प्रत निघत नसे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने कागदी निगेटिव्हची पद्धत शोधली. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. ज्या वस्तूच्या प्रती निघतात ती विकता येते. छायाचित्रांच्या व्यापाराची सुरुवात खऱ्या अर्थाने इथे झाली.

मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. व्यवसाय म्हणून छायाचित्रण करून नाव मिळवलेल्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ पासून ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचे मासिक काढले. शाईने फोटो छापण्याची सोय त्या वेळी नव्हती, म्हणून अंकाच्या पानांवर फोटोच्या खऱ्या प्रती चिकटवलेल्या असत.

या बाजारातले मोठे गिऱ्हाईक सरकार होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८५५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी कॅप्टन थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांत त्यांनी काम केले. ते पुढे डॉ. विल्यम पिगू यांनी चालवले. या छायाचित्रांचे भारदस्त ग्रंथ १८६६ मध्ये निघाले, आणि त्यांचा खर्च उचलणाऱ्यांत कापसाच्या व्यापारात गब्बर झालेले मुंबईचे प्रेमचंद रायचंद होते.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे इंग्रज अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि प्रवासी. मायदेशी परतताना हिंदुस्थानची आठवण म्हणून ते फोटोंचे अल्बम नेत. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि ‘बोर्न अँड शेफर्ड’ या कंपनीने देशभरच्या दृश्यांची क्रमांकवार यादीच छापली. गिऱ्हाइकाने यादीतला क्रमांक कळवायचा आणि कंपनीने प्रत काढून पाठवायची. डी. एच. साइक्स यांच्या छायाचित्रांसह जेम्स बर्जेस यांचे घारापुरीच्या लेण्यांवरचे पुस्तक १८७१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले.

तिसरे गिऱ्हाईक होते अभ्यासक. वास्तुशास्त्राचा इतिहास लिहिणारे जेम्स फर्ग्युसन १८७६ मध्ये आपला मोठा ग्रंथ घेऊन आले तेव्हा भारतीय इमारतींची तीन हजारांहून अधिक छायाचित्रे त्यांच्या संग्रही होती. दूरदूरच्या दोन इमारतींतले साम्य आणि भेद ओळखायला छायाचित्रे जवळजवळ प्रत्यक्ष पाहण्याइतकी उपयोगी पडतात, असे त्यांचे मत होते. लंडनमध्ये बसून खानदेश आणि कोकणातल्या देवळांची तुलना करणे फोटोंमुळे शक्य झाले.

आगगाडी आणि काचेचे ओझे

अंबरनाथचा या साऱ्याशी संबंध जुळला तो लोहमार्गामुळे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये अंबरनाथवरून खोपोलीच्या दिशेला गेले. मंदिर आता मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आले.

याचे महत्त्व समजण्यासाठी एक साधे गणित करू. त्या वेळी निगेटिव्ह मोठी करून प्रत काढण्याची सोपी सोय नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवून प्रत काढत, त्यामुळे जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. दहा इंच बाय बारा इंचाचा फोटो हवा तर काचही तेवढीच हवी. ही काच तीन मिलिमीटर जाडीची धरली तर तिचे आकारमान सुमारे २३० घन सेंटिमीटर होते. काचेची घनता २.५ धरल्यास एका काचेचे वजन जवळजवळ ५८० ग्रॅम भरते. चाळीस काचा म्हणजे २३ किलो. शिवाय लाकडी कॅमेरा, तिकाटणे, अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाणी. हे सगळे बैलगाडीत घालून खाचखळग्यांतून न्यायचे म्हणजे निम्म्या काचा वाटेतच फुटण्याची भीती. आगगाडीने हा धोका पुष्कळ कमी केला. रुळांच्या जवळ असलेल्या इमारतींना कॅमेऱ्याचे भाग्य आधी लाभले, यात नवल नाही.

काच ओली आहे तोवर

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. पुढची तीस वर्षे जगभर तिचेच राज्य होते. ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात शालेय रसायनशास्त्राचे अनेक धडे एकत्र आले आहेत.

कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळते. ते ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवले की मधासारखे दाट कलोडियन तयार होते. त्यात पोटॅशियम आयोडाइडसारखा क्षार घालतात. छायाचित्रकार स्वच्छ काच हातात धरून तिच्यावर हे द्रव ओततो आणि काच चारी बाजूंना कलती करून पातळ थर पसरवतो. ईथर उडून जाऊ लागते आणि थर चिकट होतो. मग अंधाऱ्या तंबूत ही काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. पोटॅशियम आयोडाइड आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या अभिक्रियेतून सिल्व्हर आयोडाइड तयार होते आणि थरातच अडकून राहते. प्रकाशाला संवेदनशील असतो तो हा पदार्थ.

आता घाई सुरू होते. काच ओली आहे तोवरच ती संवेदनशील असते. थर वाळला की सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक जमतात आणि पुढची रसायने आत शिरू शकत नाहीत. म्हणून ओली काच कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरचे झाकण काढायचे, सेकंद मोजायचे, झाकण लावायचे, पुन्हा तंबूकडे धावायचे, फेरस सल्फेटने चित्र प्रकट करायचे आणि हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, उरलेले सिल्व्हर आयोडाइड धुऊन काढायचे. हे सारे थंड हवेत दहा-पंधरा मिनिटांत आणि उष्ण हवेत त्याहूनही लवकर उरकावे लागे.

ईथर ३४.६ अंश सेल्सियसला उकळते. ठाणे-कल्याण परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान याच्या वर सहज जाते, आणि बंद तंबूत तर आणखी वर. म्हणजे बाटलीचे बूच उघडताच द्रावक उकळण्याच्या बेतात! काचेवर ओतलेले कलोडियन कडेपर्यंत पसरण्याआधीच दाट होई आणि चित्रात लाटांसारखे पट्टे उमटत. यावर उपाय म्हणून उष्ण प्रदेशांतले छायाचित्रकार ईथरचे प्रमाण कमी करून अल्कोहोल वाढवत. शिवाय ईथरची वाफ ज्वालाग्राही आणि गुंगी आणणारी. जुन्या फोटोच्या कडेला दिसणारे डाग आणि फाटलेला थर यांत अशी एखादी दुपार साठलेली असते.

काळा दगड, पांढरे आकाश

त्या काळच्या फोटोंमधले आकाश नेहमी कोरे पांढरे का असते? सिल्व्हर आयोडाइड निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देते. हिरवा, पिवळा, तांबडा प्रकाश त्याला जवळपास दिसतच नाही. आकाश निळे, म्हणून निगेटिव्हवर ते गच्च काळे आणि प्रतीवर पांढरे होते. ढग असले तरी उमटत नाहीत. झाडांची पाने, तांबडी माती, शेंदूर फासलेली मूर्ती मात्र प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा फार गडद दिसतात.

अंबरनाथचे देऊळ गडद बेसॉल्टचे आहे. मागे चकाकते आकाश आणि पुढे काळा दगड, अशा दृश्यात दगडावरची नक्षी उमटवायची तर काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात आकाशाचा उजेड शिखराच्या कडा खाऊन टाकतो. म्हणून कडांची रेषा पाहायला चित्रकाराचा आराखडा आणि नक्षीचा पोत पाहायला फोटो, असे दोन्ही लागत. मूर्तीची खोली तर सपाट फोटोतही नीट कळत नाही आणि चित्रातही नाही, त्यासाठी साचा. टेरी यांच्या तुकडीत तिन्ही प्रकारचे काम का होते, याचे उत्तर हे आहे.

आणखी एक गोष्ट. काच काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उघडी राहिल्यामुळे चालणारी माणसे उमटत नाहीत किंवा धुरासारखी पुसट उमटतात. जुन्या फोटोंतली देवळे निर्मनुष्य वाटतात. ‘ही देवळे तेव्हा ओसाड होती’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो, पण तसा तो काढता येत नाही. दर्शनाला आलेला माणूस थांबला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. फोटोत जी माणसे स्पष्ट दिसतात ती बहुधा छायाचित्रकाराने उभी केलेली असतात, कारण शेजारी माणूस असला की इमारतीच्या उंचीचा अंदाज येतो.

उत्तरेच्या भिंतीवर ऊन कधी येते?

अंबरनाथचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि मंडपाला उत्तर व दक्षिण या बाजूंनाही दारे आहेत. पश्चिमेच्या मुख्य दारावर समोरून ऊन येते ते दुपारनंतर. दक्षिणेच्या भिंतीला वर्षातला बराचसा काळ दिवसभर उजेड मिळतो. उत्तरेच्या भिंतीचे काय?

अंबरनाथचे अक्षवृत्त सुमारे १९.२ अंश उत्तर आहे. २३ सप्टेंबर ते २१ मार्च या काळात सूर्य उगवण्यापासून मावळण्यापर्यंत आकाशाच्या दक्षिण बाजूलाच असतो. या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मार्चनंतर सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन येऊ लागते. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो तो फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, कारण तेवढ्याच काळात सूर्याची क्रांती १९.२ अंशांहून जास्त असते. त्यातले जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासूनचे दिवस पावसाचे. उरतात ते मेचे शेवटचे दोन आठवडे आणि जूनचे पहिले काही दिवस, आणि नेमके तेव्हा ईथर उकळत असते!

म्हणजे पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी आणि सुखाची असताना जो छायाचित्रकार इथे येईल, त्याला उत्तरेच्या मूर्ती सावलीतच टिपाव्या लागतील. सावलीतल्या मूर्तीचा उठाव फोटोत कमी दिसतो. तिरप्या उन्हात तीच मूर्ती खोल कोरलेली भासते. आता समजा, कोणी हिवाळ्यात सावलीत काढलेला जुना फोटो आणि मे महिन्यात सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला आजचा फोटो शेजारी ठेवले, तर मूर्ती दीडशे वर्षांत झिजण्याऐवजी जास्त ठसठशीत झाली असे वाटेल. उलट क्रमाने ठेवले तर झीज आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. झीज मोजायची असेल तर तोच महिना, तीच वेळ आणि कॅमेऱ्याची तीच जागा साधली पाहिजे. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, बाकीचे स्थिर ठेवतो. तोच नियम देवळाच्या अंगणातही लागू पडतो.

एका अंकाची गोष्ट

साक्ष तपासणे किती महत्त्वाचे आहे याचे उदाहरण याच मंदिरात आहे. उत्तरेच्या दाराच्या आतील बाजूला तुळईवर एक शिलालेख आहे. शिलाहार राजा मम्वाणी याच्या कारकिर्दीत हे देवालय बांधले गेल्याचा उल्लेख त्यात येतो आणि शक वर्षही येते. डॉ. भाऊ दाजींनी ते वर्ष ७८२ असे वाचले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, म्हणून मंदिराचे वर्ष ८६० ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला अंक सातऐवजी नऊ असल्याचे दाखवले. शके ९८२, म्हणजे १०६०. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. भाऊ दाजींनीच त्यांना शिलालेखांच्या नकला घेण्याच्या कामासाठी मुंबईत आणले होते. ज्यांच्या हाताखाली ते तयार झाले त्यांचेच वाचन त्यांनी दुरुस्त केले. हे शक्य झाले कारण मूळ दगड जागेवर होता आणि पुन्हा पाहता येत होता. शिवाय नव्या वाचनाला दुसऱ्या पुराव्यांचा आधार मिळाला. शिलाहारांच्या ताम्रपटांतून राजांचा जो क्रम हाती येतो त्यात मम्वाणी अकराव्या शतकात बसतो, नवव्या शतकात नाही. मंदिराची भूमिज शैलीही याच काळाशी जुळते.

भाऊ दाजींना छायाचित्रणाची आवड होती, त्या विद्येतले ते जाणकार होते. तरीही फोटो निघाला म्हणून अंक आपोआप बरोबर वाचला जात नाही. दाराच्या आत, अंधारात, झिजलेल्या दगडावरचे उथळ अक्षर त्या काळच्या ओल्या काचेवर कितपत उमटणार? अशा ठिकाणी ओला कागद दगडावर दाबून घेतलेला ठसा जास्त भरवशाचा असतो. कोणत्या प्रश्नाला कोणते साधन, हे आधी ठरवावे लागते.

जे विकले गेले ते उरले

ठाणे आणि कल्याण ही जुनी गावे. ठाण्याला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, ज्याचा पुढे तुरुंग झाला. तलावांच्या काठची देवळे, कोपिनेश्वराचे मंदिर. कल्याणला खाडीकाठचा दुर्गाडी, तलावाकाठची मशीद, मोहतबरखानाची कबर, वाडे. या गावांवरून १८५० च्या दशकातच आगगाडी गेली. मग घारापुरी, कार्ले, अजिंठा आणि विजापूर यांचे जेवढे जुने फोटो पाहायला मिळतात, तेवढे यांचे का मिळत नाहीत?

कारण बाजाराचे आहे. एका फोटोमागे काच, चांदीचा क्षार, ईथर, मजुरी आणि प्रवास यांचा खर्च होता. तो भरून यायचा तर एकाच निगेटिव्हच्या पुष्कळ प्रती खपायला हव्यात. विलायतेला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हवी असत लेणी, भव्य घुमट, पडक्या कमानी आणि इंग्रजांच्या अभियांत्रिकीचा अभिमान वाढवणारे भोर घाटातले पूल व बोगदे. गावातला राबता वाडा, रोज पूजा होणारे साधे देऊळ, लाकडी खांबांची पडवी यांना गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे ‘जुन्या इमारती’ म्हणून आज जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते ते बऱ्याच अंशी त्या काळच्या विक्रीयाद्यांनी घडवलेले आहे. अंबरनाथच्या नशिबी सरकारी हुकूम आला म्हणून त्याची इतकी बारकाईने नोंद झाली.

आणि जे काढले गेले ते तरी कुठे सगळे टिकले? जुनी काच खरवडून पुन्हा वापरता येत असे, त्यामुळे न खपणारी निगेटिव्ह ठेवण्यात व्यापाऱ्याला फायदा नव्हता. एका कंपनीच्या निगेटिव्ह दुसरीकडे जात आणि नव्या नावाने विकल्या जात. चार्ल्स शेफर्ड आणि आर्थर रॉबर्टसन यांनी १८६० च्या सुमारास काढलेली दृश्ये पुढे ‘बोर्न अँड शेफर्ड’च्या यादीत आली. म्हणून फोटोवरच्या कंपनीच्या नावावरून तो कोणी आणि कधी काढला हे ठरवता येत नाही. याच कंपनीच्या कलकत्त्यातील इमारतीला १९९१ मध्ये आग लागली आणि जुन्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. त्या मानाने लाला दीनदयाळ यांचे दैव चांगले. त्यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला होता. त्यांच्या दोन हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.

कागदावरच्या प्रतींचेही आयुष्य मर्यादित. त्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात काढत. चांदीचे अतिसूक्ष्म कण त्या थरात तयार होतात आणि त्यांच्या आकारमानामुळेच चित्राला तपकिरी रंग येतो. गोल्ड क्लोराइडच्या द्रावणातून काढल्यावर रंग जांभळट होतो आणि चित्र जास्त टिकते. पण हायपो नीट धुतला गेला नसेल तर त्यातल्या गंधकामुळे चांदीचे सल्फाइड बनते आणि चित्र पिवळे पडत फिके होते. कोकणातली दमट हवा या अभिक्रियेला वेग देते.

वर्गासाठी काम

हा सगळा विषय विद्यार्थ्यांपर्यंत नेणे अवघड नाही. सुरुवात सावलीपासून करावी. एक मीटर उंचीची काठी अंगणात सरळ उभी करून स्थानिक मध्यान्ही तिची सावली मोजावी. आपल्या भागात २२ डिसेंबरला ती सुमारे ९२ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला सुमारे ३५ सेंटिमीटर. २१ जूनला आकाश उघडे मिळाले तर सावली फक्त ७ सेंटिमीटरची आणि तीही दक्षिणेकडे पडते. हे एकदा हाताने मोजले की मुलांना जुन्या फोटोतली सावली वाचता येते. इमारतीची दिशा माहीत असेल तर सावलीच्या लांबीवरून आणि कलावरून फोटोची वेळ आणि ऋतू यांचा अंदाज बांधता येतो. नोंद नसलेल्या फोटोची साक्ष अशी काढावी लागते.

दुसरे काम गावातल्या इमारतींच्या नोंदीचे. शाळेच्या आसपासची एक जुनी इमारत निवडावी. तिची प्रसिद्धी महत्त्वाची नाही, उलट जिचा फोटो कोणी विकत घेणार नाही अशीच निवडावी: एखादा वाडा, विहीर, जुन्या शाळेची इमारत, तलावाचा घाट. प्रत्येक बाजूचा एक फोटो घ्यावा. फोटोत मीटरपट्टी ठेवावी. कॅमेरा कुठे उभा होता हे एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून पावलांत नव्हे, मीटरमध्ये मोजून लिहावे. तारीख, वेळ, दिशा आणि फोटो काढणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच जागेवरून दुसऱ्या तुकडीने फोटो घ्यावा. पाच वर्षांत त्या इमारतीचा असा अभिलेख तयार होईल की जो कोणत्याही विक्रीयादीत सापडणार नाही.

वही कशाला, मोबाइलमध्ये तारीख असतेच, असे मुले म्हणतील. असते, पण व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीच्या पद्धतीने पुढे पाठवला की मूळ फाइलमधली वेळेची आणि जागेची माहिती गळून पडते. दहा जणांकडून फिरून आलेला फोटो आणि नाव-तारीख नसलेला दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो, पुरावा म्हणून दोघांची अवस्था सारखीच. सर्व बाजूंनी एकमेकांवर येणारे पुष्कळ फोटो घेतले तर संगणकाच्या मदतीने मूर्तीची त्रिमितीय प्रतिकृतीही करता येते. साचे घेणाऱ्यांचे काम आज असे दगडाला हात न लावता होऊ शकते. नोंद नीट ठेवण्याची गरज मात्र त्यामुळे संपत नाही.

अंबरनाथचे मंदिर आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. ज्या वालधुनीच्या काठी ते उभे आहे तिच्यात गेली अनेक दशके सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने मिसळत आली आहेत. सभोवती दाट वस्ती झाली आहे. दगड झिजतो आहे का, झिजत असल्यास कोणत्या बाजूने आणि किती वेगाने, हा प्रश्न भावनेने सुटणार नाही. त्यासाठी जुनी नोंद आणि नवी नोंद यांची प्रामाणिक तुलना लागेल. १८६८ च्या लोकांनी आपल्या बाजूचे काम केले, तेही हाताशी असलेल्या अपुऱ्या साधनांनी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले वाडे आणि विहिरी तर एका पावसाळ्यात पाडल्या जातात आणि तिथे इमारत उभी राहते. त्यांची नोंद करायला सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. मीटरपट्टी आणि वही प्रत्येक शाळेत आहे.